रकाना आणि रान

चांदा जिल्ह्याच्या जमीन-महसूल बंदोबस्ताचा मेजर ल्यूसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ सालचा. असा बंदोबस्त करणारा अंमलदार मौजात उतरला, म्हणजे तेथील अपरंपार व्यवहारांतून कागदावर काय घ्यावयाचे आणि जे घेतले त्याचा परस्परसंबंध कोणत्या रकान्यांनी दाखवावयाचा, हा प्रश्न त्याला आधी सोडवावा लागे. संगणकशास्त्रात याच विद्येला डेटा मॉडेलिंग म्हणतात. पीटर चेन यांनी १९७६ साली वस्तू व त्यांचे संबंध आकृतीने मांडण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि गिऱ्हाइकाची गरज कारागिराला नेमकी कळावी म्हणून विद्यार्थी ती शिकतात. चांद्याच्या रयतेने या विद्येची बरीवाईट फळे त्याच्या शंभर वर्षे आधीपासून चाखली आहेत.

तलाठ्याचे दफ्तर पाहावे. गाव नमुना सात गटाच्या क्रमांकाने चालतो, आठ-अ खातेदाराच्या नावाने. मालकी बदलली की नोंद नमुना सहाच्या फेरफारात होते आणि त्या फेरफाराचा क्रमांक सातबारावर नावाशेजारी वर्तुळात येतो, त्यामुळे कोणत्याही नावाचा माग मागे मागे काढता येतो. रचना खरोखर देखणी आहे! मात्र तिच्या मुळाशी गृहीत एकच, की एक तुकडा आणि त्याचा एक धनी. जे या चौकटीत बसत नाही, ते कुळ असो वा कर्जाचा बोजा, ‘इतर अधिकार’ या रकान्यात दाटीवाटीने बसते. मोह, चारोळी, तेंदू आणि बांबू यांवर ज्यांचा निर्वाह, त्या गोंड गावांचा संबंध तर एका गटाशी नसून साऱ्या रानाशी होता, आणि तो एका खातेदाराचा नसून साऱ्या गावाचा होता.

हा संबंध मालगुजारीच्या काळात वाजिब-उल-अर्जात, गावचा रिवाज म्हणून, नोंदला जाई. १९५१ साली मालगुजारी संपली. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने कलम १६१ खाली निस्तार पत्रकाची तरतूद केली. चराई, सरपण, इमारती लाकूड यांना त्यात जागा मिळाली, आणि ते उपकारकच होते. परंतु गाव तेथे रानातून काही नेणारा म्हणून उरला, रान राखणारा म्हणून नव्हे. माझ्या मते मूळ उणीव हीच.

ती उणीव जुन्या चांदा जिल्ह्यात मोडणाऱ्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ओळखली. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने तेथील अभ्यासगट कायद्याची कलमे वाचीत, सर्वसहमती होईपर्यंत चर्चा करीत. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू वाहून नेण्याचा परवाना अडला, कारण १९२७ च्या वन अधिनियमाच्या व्याख्येत बांबू हा वृक्ष होता आणि नव्या कायद्यात गौण वनोपज. एकच वस्तू दोन वर्गांत, आणि बैलगाडी मध्येच उभी. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जुन्या अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू निघाला तो २०१७ साली.

दरम्यान वनहक्क नियमांच्या सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने दाव्यांच्या नमुन्यांत भर पडली. वैयक्तिक हक्कांचा ‘अ’ आणि सामूहिक हक्कांचा ‘ब’ आधीचे होते. सामूहिक वनसंपत्तीसाठी ‘क’ नवा आला. त्यात ग्रामसभेच्या सदस्यांची यादी, परंपरागत सीमा दाखविणारा नकाशा आणि लगतच्या गावांची नावे मागितली आहेत, आणि खसरा वा कंपार्टमेंटचा क्रमांक, असल्यास आणि ठाऊक असल्यास, द्यावयाचा आहे. सरकारी क्रमांक रयतेला ठाऊक नसू शकतो, हे येथे कागदानेच मान्य केले! पुराव्यांतही गॅझेटियर व बंदोबस्ताच्या अहवालांबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन ग्राह्य धरले आहे. कचेऱ्यांसाठी आज जे संगणकीय तक्ते आखतात, त्यांनी पहिली रेघ ओढण्यापूर्वी हा नमुना ‘क’ एकवार सावकाश वाचावा.