कोठडीतील छळ आणि संसदेची प्रवर समिती

कोठडीतील छळाकडे संसदेचे लक्ष वेधले जाण्याचा भारतातील इतिहास १८५४ पर्यंत मागे जातो. मद्रास इलाख्यात शेतसारा वसूल करण्यासाठी आणि गुन्ह्याची कबुली घेण्यासाठी रयतेला यातना दिल्या जातात, हा प्रश्न त्या वर्षी ब्रिटिश संसदेत उपस्थित झाला आणि त्यातून मद्रास सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगापुढे शेकडो तक्रारी आल्या, आणि १८५५ च्या अहवालाने छळ सर्रास चालतो हे मान्य केले. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम २५ ने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरवला. मात्र छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला नाही.

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वाक्षरी केली. स्वाक्षरीने केवळ तत्त्वतः सहमती व्यक्त होते, तर करार बंधनकारक होण्यासाठी त्याचे अनुसमर्थन करावे लागते. त्या दृष्टीने आणलेले छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेने ६ मे २०१० रोजी मंजूर केले, पण राज्यसभेने ते ३१ ऑगस्ट रोजी प्रवर समितीकडे सोपवले. प्रवर समिती म्हणजे एका विशिष्ट विधेयकाच्या छाननीसाठी सभागृहाने आपल्याच सदस्यांतून नेमलेली समिती. ती निवेदने मागवते, तज्ज्ञांची व शासकीय अधिकाऱ्यांची साक्ष घेते, कलमवार विचार करते आणि अहवाल दिला की संपुष्टात येते.

अश्वनी कुमार यांच्या अध्यक्षतेखालील या समितीचे खरे काम व्याख्येशी होते, आणि मानवी हक्कांचा कायदा बहुधा व्याख्येतच जिंकला वा हरला जातो. मूळ विधेयकात छळ ठरण्यासाठी ‘जबर दुखापत’ किंवा जीवित, अवयव वा आरोग्यास धोका आवश्यक होता. तत्कालीन भारतीय दंडसंहितेत जबर दुखापत म्हणजे हाड वा दात मोडणे, डोळा जाणे अशा स्वरूपाची इजा, त्यामुळे अंगावर खूण न ठेवणाऱ्या अनेक यातना व्याख्येतून निसटण्याची भीती होती. शिवाय तक्रारीला सहा महिन्यांची मुदत होती आणि खटल्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागत होती. कोठडीतून सुटलेल्या, भयभीत आणि बहुधा निर्धन माणसाला या दोन अटी जवळजवळ दार बंद करणाऱ्याच होत्या. ६ डिसेंबर २०१० च्या अहवालात समितीने व्याख्या व्यापक करण्याची, मुदत दोन वर्षे करण्याची, तीन महिन्यांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानण्याची आणि पीडिताला भरपाई देण्याची शिफारस केली.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, ही या व्यवस्थेची मर्यादा येथे फार महाग पडली. लोकसभेने मंजूर केलेले पण राज्यसभेत प्रलंबित असलेले विधेयक लोकसभा विसर्जित होताच राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७ नुसार व्यपगत होते, म्हणजे त्याचे अस्तित्वच संपते. २०१४ मध्ये हे विधेयक असेच संपले, आणि त्यासोबत समितीने शब्दाशब्दाने केलेले काम दप्तरात गेले. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७३ व्या अहवालासोबत नवा मसुदा जोडून कराराच्या अनुसमर्थनाची शिफारस पुन्हा केली.