सुवाह्य जलसंवेदक

गोड्या पाण्यातील रासायनिक प्रदूषके हातपंपाशी, विहिरीवर किंवा नदीकाठी जागच्या जागी ओळखणारी स्वस्त, हाताळायला सोपी साधने. रंग बदलणाऱ्या पट्ट्या, खिशात मावणारे रंगमापक आणि इलेक्ट्रोडवर चालणारे मीटर हे यांचे मुख्य प्रकार.

सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापर झाला तो आर्सेनिक चाचणी संचाचा. बाटलीतल्या पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकली की आर्सेनिकचा आर्सिन वायू होतो. झाकणाला लावलेल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर त्याचा पिवळा ते तपकिरी डाग उमटतो. डाग जितका गडद, तितके आर्सेनिक जास्त. पाण्यातल्या सल्फाइडमुळेही असा डाग पडू शकतो, म्हणून मध्ये लेड अॅसिटेटचा कापूस ठेवतात. आर्सिन विषारी असल्याने चाचणी मोकळ्या हवेतच करायची असते.

बांगलादेशात २००० ते २००३ या काळात अशा संचांनी सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक आढळलेल्या नळांना लाल रंग दिला, बाकीच्यांना हिरवा. मात्र जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १० मायक्रोग्रॅमची आहे. त्यामुळे हिरवा नळ त्या कसोटीवर उतरेलच असे नव्हते.

फ्लोराइडसाठी इलेक्ट्रोड सोयीचा. फ्रँट आणि रॉस यांनी १९६६ मध्ये लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड जाहीर केला. आजचे हातातले फ्लोराइड मीटर त्याच तत्त्वावर चालतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे; दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातील फ्लोराइड ही जुनी डोकेदुखी आहे.

घरोघरी पोहोचलेला टीडीएस पेन मात्र या कामाचा नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून एकूण क्षारांचा अंदाज देतो, तोही पूर्ण मिलिग्रॅममध्ये. आर्सेनिकची मर्यादा मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. पेनवर आकडा कमी दिसला म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही.

स्वस्त संवेदकाचे खरे काम चाळणीचे: शेकडो स्रोतांतून संशयित वेगळे काढणे. मर्यादेच्या आसपासचा रंग दोन माणसांना वेगवेगळा दिसतो, तेव्हा तिथला निकाल संवेदकावर सोडता येत नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना चाचणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. संचाच्या चाचणीत दोष आढळलेला पाण्याचा नमुना पक्क्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.