पुण्याजवळचें एक नाक

नाक कापणें म्हणजे अब्रू घेणें, असें आपली भाषाच सांगते. १७९२ सालच्या युद्धांत इंग्रज सैन्याबरोबरचा बैल हांकणारा मराठा कावसजी टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आले. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळ, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें मेणाच्या नमुन्याबरहुकूम त्याच्या कपाळाची कातडी सोडविली, भिवयांमधला देंठ तेवढा राखला आणि ती खालीं वळवून नवें नाक बसविलें. देंठांतून रक्त मिळत राहिलें, म्हणून कातडी जगली. १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत हें वृत्त छापलें गेलें. १८१४ मध्यें कार्प्यू या शल्यवैद्यानें तेथें तीच क्रिया यशस्वी केली. त्या वृत्तांत कावसजीचें नांव आहे. त्याला पुन्हां तोंड दाखविण्याजोगें करणाऱ्या कारागिराचें मात्र नाहीं.