नर्सीच्या वाणीची दुसरी प्रत

घरच्या संगणकातले फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, मुलांच्या गुणपत्रिका यांचा बॅकअप ठेवावा, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. अडते ते बॅकअप कशाला म्हणायचे यावर. हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार करायचा तर कयाधूकाठच्या नर्सीपासून सुरुवात करावी. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव म्हणून परंपरा नर्सीकडे बोट दाखवते. काही अभ्यासक पंढरपूरकडे दाखवतात, पण तो वाद इथे नको. महत्त्वाचे हे की नामदेवांची वाणी दोन अगदी वेगळ्या वाटांनी टिकली. महाराष्ट्रात ती कीर्तनकारांच्या बाडांतून आणि टाळकऱ्यांच्या मुखातून आली. बाड म्हणजे वापरातली वही. कीर्तनकार तिच्यात भर घालतो, शिष्य ती उतरवून घेतो, उतरवताना एखादा चरण बदलतो. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या कवीच्या रचनाही ‘नामा’ याच मुद्रेमुळे या गाथेत मिसळल्या आणि कोणता अभंग कुणाचा, हे निवडत बसणे अभ्यासकांच्या नशिबी आले.

दुसरी वाट पंजाबची. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. गुरू ग्रंथसाहिबात आज नामदेवांची ६१ पदे आहेत. लिपी गुरुमुखी, सांभाळणारा समाज वेगळा, मुलूख शेकडो कोस दूर. शिवाय पदांच्या शेवटी क्रमांकांचे आणि बेरजेचे आकडे घातलेले. मध्येच कुणी पद घुसवले किंवा गाळले, तर हिशेब जुळत नाही. संगणक फाइलची पडताळणी करण्यासाठी जो बेरजेचा आकडा काढतो, त्याची जात हीच. नर्सीच्या वाणीची खरी राखीव प्रत मी म्हणेन ती ही: रोजच्या हाताबाहेरची, आणि म्हणूनच न बदललेली.

यावर कुणी म्हणेल, ही पदे मराठी नाहीत. मग ती अभंगांची प्रत कशी? आक्षेप खरा आहे. त्या ६१ पदांवरून गाथा पुन्हा उभी करता येणार नाही. नामदेवांच्या निधनापासून १६०४ पर्यंतच्या अडीचशे वर्षांत जे काही बदलले असेल, तेही ग्रंथाने जसेच्या तसे उचलले असणार. प्रत घेतली त्या क्षणी जे होते, तेच प्रत राखते. बिघडलेली फाइलही ती तितक्याच इमानाने जपते. म्हणून तर प्रत वेळेवर घ्यायची. पाठांतर पुरेसे होते, हा दुसरा आक्षेप. त्याला महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ उत्तर देते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरांच्या आठवणी जमवल्या. खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा रचली, असे पंथाची परंपरा सांगते. ग्रंथ वाचला खरा, पण पोथीपोथीत पाठभेद घेऊन.

आजचा आक्षेप असा की सगळे आपोआप क्लाउडवर जाते, मग वेगळी प्रत कशाला? पण मोबाइलशी जोडलेला क्लाउड हे बाडच आहे. इकडे फोटो पुसला की तिकडेही पुसला जातो. काही दिवस कचरापेटीत राहतो, एवढीच सवलत. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर त्या कुलूपबंद फाइलीच इमानाने वर चढतात. हिंगोलीतल्या घरात एकाच टेबलावर संगणक आणि त्याला कायम जोडलेली हार्डडिस्क असेल, तर वीज कडाडली की दोन्ही एकदम जाऊ शकतात.

तेव्हा महिन्यातून एकदा हार्डडिस्क जोडा, प्रत घ्या, दोनचार फाइली उघडून पाहा आणि वायर काढून ती डिस्क परभणीच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकाकडे ठेवायला द्या.