नागरिक चळवळी, बीदर-कलबुर्गी सीमाभागातील

कर्नाटकाच्या ईशान्येकडील बीदर व कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) या जिल्ह्यांत सभा, सत्याग्रह, मोर्चा, मतदान आणि न्यायालयीन दाद या मार्गांनी झालेला लोकांचा राजकीय सहभाग. कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू या चारही भाषांत हा सहभाग घडला.

दोन्ही जिल्हे 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. तेथे रयत होती, नागरिक नव्हते. 1929 च्या ‘गश्ती नं. 53’ या हुकमाने परवानगीवाचून जाहीर सभा घेण्यास मनाई होती. त्यामुळे ब्रिटिश मुलखातील लोक स्वराज्य मागत होते, तेव्हा येथे आधी सभा भरवण्याची मुभाच मागावी लागली. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर रीतसर स्थापनेपूर्वीच, सप्टेंबर 1938 मध्ये बंदी आली. ती मोडण्यासाठी 24 ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला आणि स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्याच डिसेंबरात आर्य समाजाचे कार्यकर्ते शामलाल यांचा बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य परिषद भरली आणि 1939 मध्ये सत्याग्रह्यांचे जथे सोलापूरमार्गे गुलबर्ग्यात उतरू लागले. आर्य समाजाची धर्मस्वातंत्र्याची मागणी आणि स्टेट काँग्रेसची जबाबदार राज्यपद्धतीची मागणी एकमेकांत मिसळू लागल्याने स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह आधीच थांबवला होता.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद भारतात सामील करणाऱ्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर अत्याचार झाले. त्यांची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेडबरोबर बीदर आणि गुलबर्गा यांची नावे घेतली. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील मराठी लेखनात हा भाग बहुधा घाईने उरकलेला दिसतो. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद हा पट्टा म्हैसूरकडे राहिला. या पट्ट्यातील मराठी गावांचा प्रश्न सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने (1966–67) मिटला नाही. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तथापि बेळगावच्या सीमालढ्यासारखी धग येथे क्वचितच दिसली. येथील मराठी मतदाराने वजन वापरले ते मुख्यतः मतपेटीतून : बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर असताना, नोव्हेंबर 2020 मध्ये, कर्नाटक सरकारने मराठा विकास प्राधिकरण जाहीर केले. त्याविरुद्ध कन्नड संघटनांनी 5 डिसेंबरला बंद पुकारला.

अधिक फलदायी लढा मागासलेपणाविरुद्धचा. वैजनाथ पाटील यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद-कर्नाटक होराट समितीने विशेष दर्जाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. 98 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371 (ञ) आला व प्रदेशातील लोकांसाठी नोकऱ्या आणि शिक्षणातील जागा राखून ठेवता आल्या. पात्रतेचा निकष जन्म किंवा रहिवास हा आहे, भाषा नव्हे; म्हणून औरादच्या मराठी तरुणालाही त्याचा लाभ मिळतो.

जानेवारी 2020 मध्ये बीदरच्या एका शाळेत मुलांनी नागरिकत्व सुधारणा कायद्यावर नाटक केले. राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिका व एका विद्यार्थ्याची आई यांना अटक झाली, मुलांचीही पोलिसांनी चौकशी केली. जून 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठाने हा गुन्हा रद्द केला. मात्र शाळांनी मुलांना सरकारी धोरणांवरील टीकेपासून दूर ठेवावे, असेही त्याच निकालात सुचवले आहे.