लढाऊ वंश सिद्धांत
लढाऊ वंश सिद्धांत : शौर्य व युद्धक्षमता हे गुण काही वंशांत किंवा जातींत उपजत असतात व इतरांत नसतात, या गृहीतकावर आधारलेली ब्रिटिश हिंदुस्थानातील सैन्यभरतीविषयक विचारसरणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला धोरणाचे स्वरूप आले. पराभूत मराठी समाजाच्या पुनरुत्थानाशी तिचा निकटचा संबंध आहे.

पार्श्वभूमी : १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला आणि मराठी फौजांवर उपजीविका करणारे असंख्य लोक निराधार झाले. यानंतर कंपनीचे मुंबई सैन्य हेच लष्करी नोकरीचे प्रमुख क्षेत्र उरले. त्यात मराठ्यांबरोबर महारांचाही मोठा भरणा होता. कोरेगाव येथील जयस्तंभावरील ‘नाक’ प्रत्ययान्त नावे याची साक्ष देतात. गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्या या समाजाला सैन्यात रोख पगार, निवृत्तिवेतन व शिक्षण मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षकही होते.

सिद्धांताचा उदय : १८५७ च्या उठावात अयोध्या व बिहारमधील शिपाई अग्रभागी होते, तर पंजाबातील फौजा व गुरखे यांनी इंग्रजांना साहाय्य केले. पुढे निष्ठावंत ठरलेले तेच लढाऊ ठरले. म्हणजे राजकीय निष्ठेलाच वंशगुणाचे नाव मिळाले. वायव्य सीमेवरील रशियाच्या भीतीने या मताला बळ दिले. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेल्या रॉबर्ट्‌सच्या मते, उष्ण हवामान व दीर्घ शांतता यांमुळे दक्षिणेकडील लोकांचे क्षात्रतेज लोपले होते.

परिणाम : १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबविण्यात आली. युरोपीय वंशश्रेष्ठत्वाची कल्पना येथे जातिश्रेष्ठत्वाशी जुळली. स्पृश्य शिपाई अस्पृश्यांबरोबर राहणार नाहीत, ही सबबही पुढे झाली. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. त्यात महार हे मूळचे क्षत्रिय असल्याचे प्रतिपादन होते. अन्यायाचा प्रतिकारही सिद्धांताच्याच परिभाषेत करावा लागला, हे लक्षणीय होय. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज करून सैन्य व पोलीस यांत प्रवेश मागितला. दरम्यान नोकरीबरोबर शिक्षणाचा व प्रतिष्ठेचा मार्गही आक्रसला होता.

ज्यांना लढाऊ मानले, त्यांनाही समानता लाभली नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात पराक्रम गाजविला. त्यांतील काही कूत अल् अमारा येथील वेढ्यात सापडल्या (१९१५-१६). तथापि सँडहर्स्टचे दरवाजे हिंदी उमेदवारांना १९१८ पर्यंत बंदच होते. नेतृत्वगुण गोऱ्यांचेच, अशी समजूत होती.

ऱ्हास : मनुष्यबळाची निकड भासली, की सिद्धांत शिथिल होई. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली व १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. मॅकमनने १९३३ मध्येही लढाऊ वंशांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. जपानी सैनिकांविषयीच्या अशाच तुच्छताबुद्धीची फसगत १९४२ मध्ये सिंगापूरच्या पाडावाने उघड झाली. तत्पूर्वी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली होती. तीसाठी आंबेडकरांनी आग्रह धरला होता. इटलीतील युद्धात यशवंत घाडगे (मरणोत्तर) व नामदेव जाधव या मराठा सैनिकांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ‘लढाऊ नसलेल्या’ गटांतूनही मोठ्या प्रमाणावर भरती होऊन हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली.

मूल्यमापन : स्वातंत्र्योत्तर काळात महार रेजिमेंट सर्व जातिधर्मीयांना खुली झाली आणि के. व्ही. कृष्णराव व के. सुंदरजी हे दोन भूसेनाप्रमुख तिच्यातून पुढे आले. सैनिकी गुण जन्माने नव्हे, तर संधी, प्रशिक्षण व नेतृत्व यांनी घडतात, हेच या इतिहासावरून सिद्ध होते. तथापि काही रेजिमेंटांची नावे व रचना यांत जुन्या वर्गीकरणाचा ठसा अद्याप दिसतो. पराभूत समाजातील कोणत्या थराला पुन्हा उभे राहू द्यायचे, हे जेत्याच्या पूर्वग्रहाने ठरविले आणि त्याची किंमत वंचितांच्या निदान दोन पिढ्यांनी मोजली.