प्राणवायूचे 'ऋण' : श्वसन व हृदयक्रिया यांच्या मापनातील काही संज्ञा

श्रम केल्याने श्वास वाढतो व नाडी जलद होते, ही गोष्ट मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. ती किती वाढते, हा प्रश्न मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रथम नीट विचारला गेला. पॅरिस येथे इ. स. १७९० च्या सुमारास लाव्हाझिए याने आपला सहकारी सेगँ यालाच प्रयोगाचा विषय केले. उपाशीपोटी स्वस्थ असता सेगँला तासाला सुमारे १,२०० घन इंच प्राणवायू लागे. वजन उचलू लागताच तोच आकडा ३,२०० वर गेला. लाव्हाझिएच्या पत्नीने रेखाटलेल्या चित्रात एकजण मुखवट्यातून श्वास घेत श्रम करीत आहे, दुसरा त्याची नाडी पाहत आहे, आणि ती स्वतः मेजाशी बसून टिपणे घेत आहे. श्वसन व हृदय यांची एकत्र नोंद करावयाची, ही आजच्या व्यायामचाचणीची कल्पना त्या चित्रात संपूर्ण आहे. इ. स. १७९४ मध्ये लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला व हे कार्य खंडित झाले.

पुढील अर्धशतकानंतर मापन पुन्हा विश्रांतीकडे वळले. लंडनच्या जॉन हचिन्सनने इ. स. १८४६ मध्ये आपल्या स्पायरोमीटरने दोन हजारांहून अधिक माणसांचा एकेक दीर्घ उच्छ्वास मोजला व त्या मापास 'व्हायटल कपॅसिटी' हे नाव दिले. हे माप उंचीप्रमाणे वाढते, हा त्याचा निष्कर्ष टिकला. नावात मात्र मापापेक्षा अधिक भरले होते. फुप्फुसात मावणाऱ्या हवेवरून जीवनशक्तीच कळते, असा ध्वनी त्यात आहे. विमाकंपन्यांना या यंत्राचा उपयोग व्हावा, ही हचिन्सनची अपेक्षाही त्याच समजुतीतून आली.

हृदयाविषयीची अडचण निराळी होती. अडॉल्फ फिकने इ. स. १८७० मध्ये सुचविलेले गणित सोपे आहे : मिनिटाला २५० मिलिलिटर प्राणवायू खर्च होत असेल, आणि रोहिणीतील व हृदयाच्या उजव्या भागातील रक्तात दर लिटरमागे ५० मिलिलिटरचा फरक असेल, तर हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त पुढे ढकलते. परंतु जिवंत माणसाच्या उजव्या हृदयातले रक्त काढावयाचे कसे? फोर्समानने इ. स. १९२९ मध्ये स्वतःच्याच हृदयात नळी सरकविली, आणि इ. स. १९४० नंतरच्या दशकात कूर्नां व रिचर्ड्स यांनी न्यूयॉर्क येथे ती पद्धत रूढ केली, तेव्हा कोठे हे गणित माणसावर नियमितपणे करता येऊ लागले.

श्वासाचे काम त्यामानाने सुकर झाले. डग्लसने इ. स. १९११ मध्ये पाठीवर वाहावयाची पिशवी तयार केली आणि उच्छ्वास धावत्या माणसाकडून गोळा करता येऊ लागला. त्याच साधनाने मँचेस्टर येथे ए. व्ही. हिल याने इ. स. १९२३ च्या सुमारास दाखविले की, वेग वाढविला तरी प्राणवायूचे ग्रहण एका मर्यादेपुढे जात नाही; त्याच्या स्वतःच्या बाबतीत ही मर्यादा मिनिटाला सुमारे ४ लिटर होती. श्रम थांबल्यावरही वाढलेला श्वास काही काळ टिकतो, त्यास त्याने प्राणवायूचे 'ऋण' म्हटले. शब्द मोठा आकर्षक, आणि म्हणूनच घातक ठरला. ऋण म्हटले की घेतले तितकेच फेडले असे गृहीत धरले जाते. येथे घेतले ते लॅक्टिक आम्लाच्या रूपाने, असा समज रूढ झाला. मार्गारिया, एडवर्ड्‌स व डिल यांनी इ. स. १९३३ मध्येच दाखविले होते की, या 'फेडी'चा आरंभीचा जलद भाग त्या आम्लाशी निगडित नाही. तापलेले शरीर व वाढलेली संप्रेरके यांचाही त्या जादा खर्चात वाटा असतो. तरीही गेसर व ब्रुक्स यांनी 'व्यायामोत्तर अतिरिक्त प्राणवायुव्यय' अशी रूक्ष पण निरुपद्रवी संज्ञा सुचविण्यास इ. स. १९८४ उजाडावे लागले.